दवंडी: नव्या आवृत्त्यांची वर्दी देणाऱ्या टूलच्या प्रकल्प नोंदी (अमळनेर, २०२४)

१२ फेब्रुवारी, सोमवार

२ ते ४ फेब्रुवारीला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या अमळनेरात झालं. त्या निमित्ताने वाचनालयात आलेल्या पुस्तकांचे गठ्ठे अजून टेबलावर आहेत आणि ग्रंथपाल मॅडम ती एकेक करून कोहामध्ये, म्हणजे वाचनालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवतायत. चढवता चढवता त्यांनी विचारलं, "आपल्याकडे कोहा कितवी आहे, आणि बाहेर कितवी आलीय?" पहिलं उत्तर समोर स्क्रीनवरच होतं. दुसऱ्यासाठी शोधाशोध करावी लागली. गेली काही वर्षं आमचं असंच चाललंय. कुणाच्या तरी बोलण्यातून कळतं, नाहीतर कळतच नाही.

मी ज्यांच्याकडे लक्ष देतो ती ठिकाणं तीन. इथलं वाचनालय: डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), कोहा, मारियाडीबी (डेटाबेस). धुळ्यात मित्र शिकवतो ते ज्युनियर कॉलेज: मूडल (ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर), खाली पोस्टग्रेस (हाही डेटाबेस). आणि रावेरकडचा केळी उत्पादकांचा गट: क्यूजीआयएसवर बागांचे आणि ठिबकच्या लाइनींचे नकाशे. तिन्हीकडे पूर्णवेळ सिस्टिम बघणारा माणूस नाही. सगळी सॉफ्टवेअरं मुक्त स्रोत, सगळी जिवंत, आणि प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. पोस्टग्रेसच्या छोट्या आवृत्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतात. कोहाची मोठी आवृत्ती मे आणि नोव्हेंबरमध्ये येते, मधे दर महिन्याला दुरुस्त्या. क्यूजीआयएसची दर चार महिन्यांनी.

नव्या आवृत्त्यांची वर्दी एका जागी मिळावी ही गरज जुनी आहे. १९९७ मध्ये फ्रेशमीट नावाचं संकेतस्थळ याच कामासाठी निघालं. २०११ मध्ये त्याचं फ्रीकोड झालं आणि जून २०१४ मध्ये तिथे नव्या नोंदी होणं थांबलं. आज फेडोरावाल्यांकडे अनित्य आहे, डेबियनच्या पॅकेजवाल्यांकडे यूस्कॅन आहे, आणि एनव्हीचेकर म्हणून पायथॉनमधलं नेटकं टूल आहे. ते मी वापरून पाहिलं, चांगलं आहे, त्यातून बरंच शिकायला मिळालं. पण ती सगळी टूलं आकडा सांगून, फार तर फाइल उतरवून, थांबतात. मला त्यापुढचं हवंय: वर्दी आली, कुणीतरी रिलीज नोट वाचली, आणि काय ठरवलं ते मराठीत एका ओळीत लिहून ठेवलं. ती ओळ तिन्ही ठिकाणी दिसली पाहिजे.

नाव दवंडी. भाषा पायथॉन, साठवण साध्या मजकुराच्या फाइलींत, फाइली एका खाजगी गिट रिपॉझिटरीत (गिट म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, रिपॉझिटरी म्हणजे त्याचं कोठार). वेगळा सर्व्हर नाही; आमच्यापैकी कुणाकडेच चोवीस तास चालू राहणारं मशीन नाही. आज्ञा तीनच: 'नवं', 'वाच', 'झालं'. टाइप रोमन कळांनीच करायच्या, कारण टर्मिनलमध्ये मधेच कीबोर्ड बदलत बसणं फार वेळखाऊ आहे. उत्तर मात्र मराठीत येईल.

१७ फेब्रुवारी, शनिवार

माहिती आणायची कुठून, हे आज ठरलं.

गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाचा एपीआय (प्रोग्रामने प्रश्न विचारायची खिडकी) सोपा आहे, 'ताजी रिलीज द्या' म्हटलं की देतो. पण ओळख न देता विचारलं तर एका आयपी पत्त्याला तासाला ६० च प्रश्न. कॉलेजच्या लॅबमध्ये सगळी मशिनं बाहेर एकाच पत्त्याने जातात, त्यामुळे ते ६० सगळ्यांत वाटले जातात. टोकन दिलं की मर्यादा तासाला ५,००० होते, पण मग टोकन तिन्हीकडे सांभाळायचं आलं. त्याहून मोठी अडचण म्हणजे सगळे प्रकल्प गिटहबवर रिलीज करतच नाहीत. पोस्टग्रेसचं तिथे फक्त प्रतिबिंब आहे. टॅग (आवृत्तीच्या जागी लावलेली नावाची खूण) दिसतात, रिलीज एकही नाही. लिनक्स कर्नेलचंही तेच, त्यांची आवृत्त्यांची यादी कर्नेल डॉट ऑर्गवर जेसन फाइलमध्ये मिळते. कोहाची गिट रिपॉझिटरी त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर आहे.

सगळीकडे सारखं काय, तर गिट. म्हणून पाया 'गिट एलएस-रिमोट'चा. रिपॉझिटरी उतरवून न घेता ही आज्ञा समोरच्याकडचे सगळे टॅग विचारून घेते. गिटहब असो, गिटलॅब असो, कुणाचा घरचा सर्व्हर असो, उत्तराचा आकार एकच: डावीकडे हॅश (आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा), उजवीकडे टॅगचं नाव. काही टॅग दोनदा येतात, दुसऱ्यांदा शेवटी टोपी आणि महिरपी कंस घेऊन. टॅग स्वतःच एक वस्तू असला की असं होतं: पहिली ओळ त्या वस्तूची, दुसरी तो ज्या कमिटकडे (नोंदवलेल्या बदलाकडे) बोट दाखवतो त्याची. मी दोन्ही साठवतो.

हॅश साठवण्याला कारण आहे. एकदा जाहीर झालेला टॅग सहसा कुणी हलवत नाही. हलला, तर त्याच नावाखाली वेगळा कोड आला. तेव्हा दवंडी इतर सगळं बाजूला ठेवून पहिल्या ओळीत 'टॅग बदलला' असं सांगेल.

या पद्धतीत तारीख मिळत नाही. एलएस-रिमोट ती देतच नाही. म्हणून 'प्रथम दिसली' ही तारीख दवंडी आपली आपण नोंदवेल.

२५ फेब्रुवारी, रविवार

या कामाचा खरा कस आकड्यांत आहे. दोन आवृत्त्यांपैकी नवी कोणती, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

३.९ नंतर ३.१०. मूडलने हा क्रम पाळला, पायथॉननेही पाळला. दशांश म्हणून वाचलं तर ३.१० ही ३.९ च्या मागे जाते. अक्षरं म्हणून लावलं तरीही मागेच. ठिपक्यावर तोडून प्रत्येक तुकडा वेगळा आकडा म्हणून वाचला तरच क्रम बरोबर लागतो. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढे प्रत्येक प्रकल्पाचा स्वभाव निराळा. क्यूजीआयएसचा टॅग 'फायनल-३_३४_०' असा. पोस्टग्रेसचा 'आरईएल_१६_२', पण दहाव्या आवृत्तीच्या आधीचे 'आरईएल९_६_२४' असे, कारण २०१७ मध्ये आवृत्ती १० आली आणि तीन तुकड्यांचा आकडा दोन तुकड्यांवर आला. ओपनएसएसएचचा 'व्ही_९_६_पी१'; यातला 'पी' म्हणजे ओपनबीएसडीबाहेर चालणारी पोर्टेबल आवृत्ती. ओपनएसएसएलच्या जुन्या मालिकेत शेवटी अक्षर यायचं, १.१.१ नंतर १.१.१ए, मग बी, असं डब्ल्यूपर्यंत. कोहा ३.२२ वरून थेट १६.०५ वर गेली, म्हणजे २०१६ चा मे महिना. लिबरऑफिसने जानेवारीच्या शेवटच्या दिवशी ७.६ वरून २४.२ अशी उडी घेतली. डोनल्ड क्नुथ यांच्या टेकचा आकडा दर दुरुस्तीला पायच्या जवळ सरकतो, सध्या ३.१४१५९२६५३. आमच्या यादीत टेक नाही, तरी तो आकडा मी चाचणीत घातला, कारण त्या माणसाच्या काटेकोरपणाबद्दल मला फार आदर आहे.

सिमँटिक व्हर्शनिंग या आवृत्त्यांना आकडे देण्याच्या पद्धतीचा नियम आकड्याच्या आधीचं शून्य चालवून घेत नाही. त्यामुळे त्या नियमाने लिहिलेली लायब्ररी कोहाचा '२३.११.०२' सरळ नाकारते. पायथॉनची पॅकेजिंग लायब्ररी ते शून्य काढून पुढे जाते, पण 'फायनल-३_३४_०' समोर आला की तीही अडते. सगळ्यांना पुरेल असा एक नियम नाही आणि तसा शोधत बसण्यात अर्थ नाही. प्रत्येक प्रकल्पाच्या नोंदीत मी एक साचा लिहितो: टॅगमधला कोणता भाग आकडा आहे, आणि आरसी, बीटा, अल्फा या कच्च्या आवृत्त्या कशा ओळखायच्या. साच्यात न बसलेला टॅग गुपचूप टाकून द्यायचा नाही, वेगळ्या यादीत दाखवायचा. नाव ठेवण्याची पद्धत उद्या बदलली तर ते तिथूनच कळेल.

आणि या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मालिका. ८ फेब्रुवारीला पोस्टग्रेसने एकाच दिवशी १६.२, १५.६, १४.११, १३.१४ आणि १२.१८ दिल्या. 'सर्वांत मोठा आकडा दाखव' एवढंच करणारं टूल १६.२ सांगून मोकळं होईल. धुळ्याचं मशीन १५ वर आहे. त्याच्यासाठी त्या दिवसाची बातमी १५.६ ही होती. १६ वर जाणं हे सुट्टीत, बॅकअप घेऊन, बसून करायचं काम आहे, १५.६ वर जाणं त्याच आठवड्यातलं. या दोन बातम्या एका ओळीत कोंबल्या की माणूस दोन्ही पुढे ढकलतो. म्हणून दवंडीत प्रत्येक ठिकाणाने आपली मालिका सांगायची. 'तुमच्या मालिकेत नवं' आणि 'नवी मालिका निघाली' अशा दोन वेगळ्या वर्द्या येतील.

मांडणीच्या फाइलीसाठी टॉमल ही लिहिण्याची पद्धत घ्यावी असं मनात होतं. त्यात ३.१० अवतरणचिन्हाशिवाय लिहिलं की ते ३.१ होतं, आणि आवृत्त्यांच्या टूलमध्ये हे चालणार नाही. शिवाय टॉमल वाचणारी सोय पायथॉनमध्ये ३.११ पासून आहे, आणि वाचनालयाचं एक जुनं मशीन डेबियन ११ वर, म्हणजे पायथॉन ३.९ वर आहे. जुनी आयएनआय पद्धत घेतली. तिथे सगळं मजकूर म्हणूनच वाचलं जातं.

५ मार्च, मंगळवार

रोज सकाळी सातला चालवण्यासाठी आधी क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारं लिनक्सचं टूल) लावला होता. सातला लाइट नसली की मशीन बंद, आणि क्रॉन हुकलेली वेळ परत धरत नाही. आता सिस्टिमडीचा टायमर, त्यात 'पर्सिस्टंट' चालू. मशीन उठलं की हुकलेलं काम लगेच होतं. लाइट सकाळी येवो की दुपारी, वर्दी चुकत नाही.

१४ मार्च, गुरुवार

देवनागरी रकाने.

यादी छापताना पहिल्या रकान्यात प्रकल्प, दुसऱ्यात आवृत्ती, तिसऱ्यात तारीख, असं ठेवलं. ओळी वाकड्या आल्या. पायथॉन रुंदी मोजताना कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधली एकेक चिन्हं, मोजतो. 'आवृत्ती' या शब्दात सात कोडपॉइंट आहेत: आ, व, ऋकाराचं चिन्ह, त, हलन्त, त, दीर्घ ईकार. डोळ्याला दिसतात तीन अक्षरं. युनिकोडच्या वर्गवारीत ऋकार आणि हलन्त जागा न घेणाऱ्या चिन्हांत येतात, काना आणि वेलांटी जागा घेणाऱ्यांत. टर्मिनलं मात्र सगळी एकसारखी वागत नाहीत. एक वेलांटीला घर देतं, दुसरं देत नाही, तिसरं जोडाक्षर तोडून दाखवतं. एका टर्मिनलवर बेतलेली जागा दुसऱ्यावर बिघडते.

यावर रुंदी मोजणाऱ्या लायब्ररी आहेत, पण शेवटचा शब्द टर्मिनलचाच असतो. म्हणून मांडणी उलटी केली. आकडा आणि तारीख आधी, ती ठरावीक रुंदीची; मराठी मजकूर ओळीच्या शेवटी. शेवटच्या रकान्यानंतर काहीच सरळ रेषेत आणायचं नसतं, त्यामुळे तो किती रुंद आहे याने फरक पडत नाही. मॅडमच्या मशिनवर आणि माझ्या लॅपटॉपवर यादी आता सारखी दिसते.

३० मार्च, शनिवार

काल रात्रीपासून एकच विषय. एक्सझेड, म्हणजे फाइली दाबून लहान करणारं टूल.

आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसचे डेव्हलपर. डेबियनच्या 'सिड' या अस्थिर आवृत्तीवर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की एसएसएचने (दुरून मशीनमध्ये शिरण्याच्या सोयीने) लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि व्हॅलग्राइंड हे मेमरीतल्या चुका शोधणारं टूल तक्रारी करतंय. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते एक्सझेडच्या लायब्ररीपर्यंत पोचले आणि काल त्यांनी ते जाहीर केलं: ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातलेला आहे. त्याला सुरक्षा दोषांच्या सार्वजनिक यादीत (सीव्हीई) क्रमांक मिळालाय सीव्हीई-२०२४-३०९४.

सगळ्यात आधी तिन्ही ठिकाणची मशिनं पाहिली. डेबियन १२ वर ५.४.१ आहे, ११ वर त्याहूनही जुनी. आपण सुरक्षित आहोत. मॅडमना आणि धुळ्याला फोन करून सांगितलं. धुळ्याचा मित्र म्हणाला, "भाऊ, आते काय करानं?" काही करायचं नाही, हेच आजचं उत्तर.

मग दवंडीची नोंद उघडली. ५.६.१ ही ९ मार्चला निघाली होती. एक्सझेड आमच्या यादीत आहे, आणि दवंडीने ठरल्याप्रमाणे 'तुमच्यापुढे नवी मालिका: ५.६' अशी वर्दी दिलेली होती. साचा बरोबर, क्रम बरोबर, हॅश जशीच्या तशी. टूलकडून अपेक्षित होतं ते सगळं झालं, आणि जिची वर्दी दिली ती आवृत्ती विषारी होती.

घात कसा केला ते बारकाईने वाचलं. चोरदरवाज्याचं मुख्य अंग चाचणीच्या फाइलींत दडवून रिपॉझिटरीत ठेवलं होतं. ते जागं करणारी बिल्डची ओळ मात्र रिपॉझिटरीत नव्हतीच. ती फक्त रिलीज म्हणून दिलेल्या टार गठ्ठ्यात होती. म्हणजे गिट टॅग आणि गठ्ठा एकाच आकड्याचे असूनही आतून वेगळे. त्या गठ्ठ्यावर देखभाल करणाऱ्याची सहीही होती, कारण सही करणारा तोच होता. 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी २०२१ पासून छोटीमोठी कामं करून विश्वास मिळवला होता. मूळ देखभालकर्ते लासे कॉलिन यांनी हा प्रकल्प वर्षानुवर्षं एकट्याने, पगाराशिवाय वाहिला. त्यांच्या थकव्याचा असा फायदा घेतला गेला याचं मला मनापासून वाईट वाटतंय. ज्या लायब्ररीवर जगभरातली मशिनं उभी आहेत, तिच्यामागे एक माणूस होता.

गिटहबने एक्सझेडची रिपॉझिटरीच बंद केली. त्यामुळे आज दवंडीला तिथून उत्तर मिळालं नाही. 'नवं काही नाही' आणि 'विचारता आलं नाही' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोन वेगळ्या ओळींत दिसतायत हे पाहून बरं वाटलं.

६ एप्रिल, शनिवार

आठवडाभर विचार करून काही गोष्टी ठरवल्या.

दवंडी काही उतरवून घेणार नाही आणि काही बसवणार नाही. तशी सोय घालावी असं धुळ्याहून सुचवलं गेलं होतं, कारण काम वाचतं. पण कळणं तातडीचं आहे आणि बसवणं विचाराचं. या दोन कामांच्या मधे माणूस असलाच पाहिजे. सॉफ्टवेअर डेबियनच्या भांडारातूनच घ्यायचं, हे वाचनालयासाठी पक्कं.

दुसरं म्हणजे मुरवण. घातल्या दिवशी लोणचं कुणी ताटात वाढत नाही. प्रत्येक प्रकल्पापुढे 'मुरवण' म्हणून दिवसांचा आकडा लिहायचा. आवृत्ती प्रथम दिसल्यापासून तेवढे दिवस ती यादीत 'मुरतेय' म्हणून दिसेल. वर्दी लगेच मिळेल, 'आता घेण्याचा विचार करा' असं मात्र नंतर येईल. एक्सझेडच्या ५.६.० पासून चोरी उघडी पडेपर्यंत महिन्याहून थोडा जास्त काळ गेला. तो काळ संपायच्या आत ही लायब्ररी स्थिर डेबियनमध्ये आली नव्हती, म्हणून आपण वाचलो. डेबियनची ही सावकाशी पुष्कळांना खटकते. मला या आठवड्यात तिची किंमत कळली.

उबंटूने २४.०४ ची बीटा एक आठवडा पुढे ढकलून सगळी पॅकेजं नव्याने बांधायला घेतली आहेत. ते वाचून समाधान वाटलं.

मुरवणीला एक अपवाद लागणार: सुरक्षेची दुरुस्ती. ती मुरत ठेवली तर दार उघडं राहतं. पण अमुक आवृत्ती सुरक्षेची आहे हे टूलने ओळखायचं कसं? रिलीज नोटमध्ये सीव्हीई हा शब्द शोधणं हा एक मार्ग. तूर्तास तोच घेतला, शब्द सापडला की ओळीच्या सुरुवातीला 'सुरक्षा' असं येतं. पुढचा निर्णय वाचणाऱ्याचा.

२० एप्रिल, शनिवार

परवान्याचा रकाना जोडला. रेडिस या मेमरीत डेटा ठेवणाऱ्या टूलने मार्चमध्ये बीएसडी हा मोकळा परवाना सोडला, आणि त्यातून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाल्की नावाची शाखा निघाली. मूडलच्या कॅशसाठी धुळ्यात रेडिस आहे. टॅगवरून परवाना कळत नाही, म्हणून दवंडी परवान्याच्या फाइलीवर नजर ठेवते आणि ती बदलली की सांगते. रेडिसच्या नोंदीत 'उत्तराधिकारी: वाल्की' असं लिहिलं. घाई नाही, पण दोन्ही यादीत राहतील.

११ मे, शनिवार

काल आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली. घागर भरली, घरात आमरस आणि सांजोऱ्या, गल्लीत झोके आणि झोक्यावरची गाणी. माहेरी आलेल्या बहिणींनी घर भरलंय. ऊन मी म्हणतंय, दुपारी लॅपटॉपचा पंखा थांबतच नाही.

परवा, मे महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, पोस्टग्रेस ठरल्या दिवशी आलं: १६.३, १५.७, १४.१२, १३.१५, १२.१९. दवंडीने धुळ्यासाठी १५.७ 'सुरक्षा' म्हणून दाखवली. मित्राला निवडणुकीची ड्यूटी आहे. आमच्याकडे जळगाव-रावेरचं मतदान १३ तारखेला, धुळ्याचं २० ला. प्रशिक्षणातून मोकळा झाल्यावर संध्याकाळी तो फोनवर आला. आम्ही 'वाच' आज्ञा देऊन रिलीज नोट ओळीने वाचली, तो तिकडे, मी इकडे.

आणि एवढ्यासाठीच हे टूल काढलंय असं वाटावं, अशी ओळ त्यात निघाली. सीव्हीई-२०२४-४३१७: सांख्यिकी दाखवणाऱ्या दोन व्ह्यूंमधून (डेटाबेसमधल्या तयार दृश्यांतून) साध्या वापरकर्त्यालाही दुसऱ्याच्या डेटाचे नमुने दिसू शकत होते. १४ ते १६ या मालिकांना हा दोष आहे. १५.७ बसवलं की दोष गेला, असं मात्र नाही. नव्या आवृत्तीत दुरुस्त झालेले व्ह्यू नव्याने उभारलेल्या क्लस्टरलाच (एका सर्व्हरवरच्या डेटाबेसच्या संचालाच) मिळतात. आधीपासून चालू असलेल्यांसाठी सोबत एक एसक्यूएल फाइल दिली आहे. ती प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळी चालवायची, टेम्प्लेट१ आणि टेम्प्लेट० (नवे डेटाबेस ज्यांवरून बनतात ते साचे) मध्येसुद्धा. टेम्प्लेट० एरवी कुणाला आत घेत नाही, म्हणून आधी त्याला जोडणी स्वीकारायला सांगायचं, फाइल चालवायची, आणि परत बंद करायचं.

आकडा पाहून अपग्रेड करून, हिरवी खूण लावून कुणी उठून गेलं असतं, तर आवृत्ती १५.७ आणि दोष तसाच. हे जगातलं कोणतंही आकडे जुळवणारं टूल सांगणार नाही. ते नोटमध्ये लिहिलेलं आहे, आणि नोट माणसाने वाचायची असते.

धुळ्याच्या मशिनवर डेटाबेसचा वापरकर्ता एकच, मूडलचा. त्यामुळे धोका फारसा नव्हता, दोषाची तीव्रताही कमीच लावलेली आहे. तरी मित्राने सगळं केलं आणि 'झालं' आज्ञेत त्याची ओळ लिहिली: "१५.७ बसवलं. स्क्रिप्ट मूडल, पोस्टग्रेस, टेम्प्लेट१, टेम्प्लेट० चारही ठिकाणी चालवली. टेम्प्लेट० परत बंद केलं." मशीन बदललं, माणूस बदलला, तरी ही ओळ पुढच्याला सापडेल.

या अनुभवावरून 'झालं' आज्ञेत बदल केला. रिकामी टिप्पणी ती आता घेत नाही. काय केलं, किंवा का केलं नाही, यातलं एक लिहिल्याशिवाय आवृत्ती यादीतून उतरत नाही.

२ जून, रविवार

रावेरच्या गटाकडे दवंडी बसवून दिली. विंडोजवर गिट आणि पायथॉन घातलं, आणि टास्क शेड्युलरमध्ये 'वेळ हुकली तर जमेल तितक्या लवकर चालव' ही खूण लावली. तिथेही लाइटीची तीच कथा. त्यांना क्यूजीआयएसची फक्त दीर्घकाळ जपली जाणारी मालिका हवी आहे. ठिबकच्या नकाशांसाठी वापरतात ते प्लगइन दर चार महिन्यांनी तपासत बसायला केळीचा हंगाम सवड देत नाही. मालिका ठरवून दिली, ताजी मालिका यादीत खाली दिसते.

एक्सझेडची ५.६.२ ही २९ मे रोजी आली, चोरदरवाजा काढून, लासे कॉलिन यांच्या हातून. दवंडीत 'झालं' पुढे मी लिहिलं: "वाचली. आपण ५.४.१ वर. डेबियन देईल तेव्हा घेऊ."

३ जुलै, बुधवार

परवा १ जुलैला ओपनएसएसएच ९.८ आली आणि सोबत सीव्हीई-२०२४-६३८७. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी शोधलेला दोष: लॉगिनची मुदत संपताना वाजणाऱ्या सिग्नलच्या हाताळणीत शर्यत लागते आणि बाहेरच्याला रूटचा, म्हणजे मशीनवरचा पूर्ण, हक्क मिळू शकतो. हाच दोष २००६ मध्ये एकदा दुरुस्त झाला होता; ८.५ मध्ये कोड आवरताना ती दुरुस्ती निघून गेली. म्हणजे ८.५ पासून ९.७ पर्यंत सगळ्या आवृत्त्यांत तो आहे.

दवंडीने 'सुरक्षा' लावून वर्दी दिली, मुरवण बाजूला ठेवली. इथवर ठीक. पण तिच्या हिशेबाने तिन्ही लिनक्स मशिनं मागे होती: नव्या दोन मशिनांवर ९.२, जुन्यावर ८.४, आणि बाहेर ९.८. मॅडमनी यादी वाचून विचारलं, "९.८ कुठून आणायची?" योग्य प्रश्न होता, आणि उत्तर 'कुठूनही नाही' असं आहे.

डेबियन १२ मध्ये ओपनएसएसएच शेवटपर्यंत ९.२ च राहील. डेबियनच्या सुरक्षा चमूने नेमकी दुरुस्ती ९.२ च्या कोडमध्ये आणून बसवली आणि पॅकेजच्या शेपटीचा आकडा वाढवला: '९.२पी१-२+डेब१२यू३'. मूळ प्रकल्पाचा आकडा हलत नाही, दोष जातो. नेहमीच्या ॲप्ट अपग्रेडने ते काम झालं. आणि ज्याची मला जास्त काळजी होती ते डेबियन ११ चं जुनं मशीन? त्यावर ८.४ आहे. दोष ८.५ मध्ये शिरला. ते मशीन मुळात बाधितच नव्हतं.

यादीत सर्वांत मागे दिसणारं मशीन सर्वांत निर्धोक निघालं, आणि यादी मात्र त्यालाच पहिलं बोट दाखवत होती. म्हणून आज 'मागे' हा शब्दच यादीतून काढला. त्या जागी आता दोन ओळी येतात: मूळ प्रकल्पाची ताजी आवृत्ती, आणि डेबियन पॅकेजचा पूर्ण आकडा, शेपटीसकट. 'वाच' दिल्यावर रिलीज नोटच्या खाली पॅकेजचा चेंजलॉगही (बदलांची यादी) उघडतो. त्यात सीव्हीईचा क्रमांक दिसला की दुरुस्ती आलेली आहे हे समजतं.

मॅडमनी स्वतः 'झालं' दिलं. दोन मशिनांपुढे पॅकेजचा आकडा, जुन्यापुढे "८.४, दोष लागू नाही, चेंजलॉग पाहिला." मी फक्त बाजूला उभा होतो.

पुढची कामं: ८ ऑगस्टला पोस्टग्रेसचा गुरुवार आहे, धुळ्याच्या बॅकअपची तालीम त्याआधी. डेबियन ११ ची नेहमीची सुरक्षा मुदत १४ ऑगस्टला संपते, नंतर ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत एलटीएस (दीर्घ मुदतीचा आधार). मुदत संपण्याची तारीख दवंडीच्या नोंदीत घालायची सोय या आठवड्यात करतो, म्हणजे त्या जुन्या मशिनची वर्दीही वेळेआधी मिळेल.